बारा हजार फुटांवरची टक्कर आणि वैमानिकाची छत्री

२ नोव्हेंबर २०१३ च्या संध्याकाळी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या सुपीरियर या गावावर, सुमारे बारा हजार फूट उंचीवर, स्कायडायव्हिंगसाठी निघालेली दोन छोटी विमाने एकमेकांवर आदळली. पुढच्या विमानाचे पंख तुटले, इंधनाने पेट घेतला आणि विमानाचे जळते तुकडे खाली कोसळले. दोन्ही विमानांत मिळून नऊ स्कायडायव्हर आणि दोन वैमानिक असे अकरा जण होते, आणि ते अकराही जण वाचले. पुढच्या विमानाच्या वैमानिकाला किरकोळ जखमा झाल्या. बाकी कोणालाही गंभीर इजा झाली नाही.

या घटनेविषयी जे काही छापून आले त्यात चमत्कार हा शब्द सर्रास वापरला गेला. आपल्याकडे अशा वेळी ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ असे म्हणून विषय संपवला जातो. मला मात्र या घटनेचा जितका विचार करावा तितके असे वाटत आले आहे की या अकरा जणांना वाचवण्यात त्या विशिष्ट वेळेचाच, म्हणजे टक्कर नेमकी कोणत्या क्षणी झाली याचाच, सर्वांत मोठा हात होता. दैवाचा वाटा होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याखाली पॅराशूट, उंची, सराव आणि विमानाच्या दाराबाहेरची एक छोटी पायरी अशा अगदी साध्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही.

मी मिनिॲपोलिसला राहते. तिथून सुपीरियर अडीच-तीन तासांच्या अंतरावर आहे. लेक सुपीरियर या अवाढव्य सरोवराच्या पश्चिम टोकाला एका बाजूला मिनेसोटातील डलुथ आणि दुसऱ्या बाजूला विस्कॉन्सिनमधील सुपीरियर अशी ही जोडगावे असून लोहखनिज वाहून नेणारी लांबलचक जहाजे तिथल्या बंदरात सतत ये-जा करत असतात. उन्हाळ्यात भारतातून कोणी पाहुणे आले की आम्ही त्यांना तिकडे घेऊन जातो. या भागाशी माझा संबंध एवढाच. पण काही वर्षांपूर्वी मी मिनेसोटातल्याच एका छोट्या धावपट्टीवरून टॅन्डम उडी घेतली होती, म्हणजे प्रशिक्षकाच्या छातीला पट्ट्यांनी बांधून घेऊन मारलेली उडी, आणि ती ज्या विमानातून घेतली ते सेसना १८२ होते. सुपीरियरला पंख गमावून कोसळले ते विमानही सेसना १८२ च होते. त्यामुळे ती बातमी पुढे जेव्हा सविस्तर वाचली तेव्हा त्या विमानाची आतली जागा माझ्या डोळ्यांसमोर होती.

ती जागा कशी असते हे सांगितल्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही. सेसना १८२ हे एका इंजिनाचे, मूळचे चार आसनांचे विमान आहे. स्कायडायव्हिंगसाठी त्यातली वैमानिकाची जागा सोडून बाकीची सगळी आसने काढून टाकतात. चार-पाच जण विमानाच्या फरशीवर, एकाच्या पायांत दुसरा अशा पद्धतीने, बहुतेक वेळा शेपटीकडे तोंड करून बसतात आणि बारा हजार फुटांपर्यंत चढायला लागणारी वीस-पंचवीस मिनिटे तशीच अवघडून काढतात. दार एकच, उजव्या बाजूला, आणि ते बाहेर न उघडता वरच्या दिशेने, पंखाच्या खालच्या बाजूला चिकटेल असे उघडते. दाराच्या खाली, चाकाच्या वर, एक पायरी बसवलेली असते. तिच्यावर पाऊल टेकावे एवढीच तिची रुंदी. पंखाला खालून आधार देणारा जो तिरका दांडा असतो, त्याला स्ट्रट म्हणतात. उडी घेणाऱ्यांनी दारातून बाहेर पडायचे, पायरीवर पाय ठेवायचा, दोन्ही हातांनी स्ट्रट धरायचा आणि सगळे बाहेर आले की इशाऱ्यावर एकदम हात सोडायचे. दार उघडताच आत शिरणारा वारा इतका प्रचंड असतो की प्रशिक्षक कानाशी ओरडून बोलत असूनही मला त्याचे ओठ हललेले तेवढे दिसले. त्याच वेळी वैमानिकाने इंजिनाचा जोर कमी केला आणि त्याचा आवाज खाली उतरला. बाहेर लटकणाऱ्यांना वाऱ्याचा मारा सोसता यावा यासाठी या टप्प्यावर वेग उतरवतातच.

सुपीरियरच्या दोन्ही विमानांत नेमका हाच टप्पा आला होता. दिवसभरातली ती शेवटची उडी होती आणि सूर्य क्षितिजाला टेकत आला होता. नऊही जण अनुभवी होते. कोणीही माझ्यासारखे प्रशिक्षकाला बांधलेले नव्हते. त्यांना हवेत एकत्र येऊन, एकमेकांचे हात-पाय धरून आकृती करायची होती. याला फॉर्मेशन म्हणतात. एका सेसनात चार-पाच जणच मावतात, त्यामुळे नऊ जणांची आकृती करायची तर दोन विमाने जवळजवळ उडवून दोन्हींतून एकाच वेळी उड्या घ्याव्या लागतात. मोठ्या केंद्रांकडे ट्विन ऑटरसारखी वीसएक माणसे नेणारी विमाने असतात, त्यांना छोट्या आकृत्यांसाठी ही कसरत करावी लागत नाही. या प्रकाराचा कळस म्हणजे फेब्रुवारी २००६ मध्ये थायलंडमध्ये ४०० जणांनी हवेत एकमेकांना धरून केलेली आकृती. तिच्यासाठी लष्करी सी-१३० विमानांचा ताफा वापरावा लागला होता. सुपीरियरचा बेत त्या मानाने अगदी घरगुती होता. पुढे सेसना १८२, त्यात वैमानिक आणि चार जण; मागे त्याहून थोडे दणकट सेसना १८५, त्यात वैमानिक आणि पाच जण.

पुढच्या विमानातील चौघे उडीच्या तयारीत बाहेर येत होते. मागच्या विमानातील लोकही बाहेर येऊ लागले होते. एवढ्यात मागचे विमान पुढच्याच्या वर सरकले आणि त्याच्या पंखावर उतरल्यासारखे आदळले. सेसनाच्या या जातीत इंधनाच्या टाक्या पंखांतच असतात, त्यामुळे पंख फाटताच इंधन हवेत उडाले आणि आगीचा मोठा लोळ उठला. अनेकांच्या हेल्मेटवर आणि विमानावर कॅमेरे बसवलेले असल्याने हे सारे चित्रित झाले आणि नंतर जगभर पाहिले गेले. त्या चित्रणात माझी नजर आगीपेक्षा माणसांच्या हातांवर खिळून राहते. एका क्षणी ते हात स्ट्रटवर आहेत, डोक्यावर पंख आहे. पुढच्या क्षणी तो पंखच जागेवर नाही आणि माणसे हवेत मोकळी झालेली आहेत. पुढच्या विमानातील एका प्रशिक्षकाने नंतर पत्रकारांना जे सांगितले त्याचा आशय असा होता की आणखी काही सेकंद मिळाले असते तर ती नेहमीसारखीच एक उडी झाली असती.

आता माझा मुद्दा सांगते. ही टक्कर दहा मिनिटे आधी झाली असती, तर चौघे जण विमानाच्या फरशीवर एकमेकांत अडकून बसलेले असते, दार बंद असते, आणि पंख तुटून गरगरणाऱ्या विमानात माणूस ज्या जोराने भिंतीला दाबला जातो त्या जोराविरुद्ध दारापर्यंत पोहोचणे फार तर एखाद्याला जमले असते. उड्डाणानंतर पहिल्या मिनिटातच झाली असती, तर दारापर्यंत पोहोचूनही उपयोग नव्हता, कारण पॅराशूट उघडायला खाली हवा शिल्लक असावी लागते. ती झाली तेव्हा मात्र उंची पूर्ण होती, दार उघडे होते, पाठीवर मुख्य आणि राखीव अशी दोन पॅराशूट असलेला संच आवळलेला होता, हेल्मेट-चष्मे चढवलेले होते, आणि मनाने तर ती माणसे विमानातून आधीच बाहेर पडलेली होती. हवाई प्रवासात विमान सोडणे हा शेवटचा, हताश उपाय असतो. या नऊ जणांच्या बाबतीत विमान सोडणे हाच त्या संध्याकाळचा कार्यक्रम होता. तो काही सेकंद आधी आणि भलत्याच रीतीने सुरू झाला, एवढेच.

भारतीय वाचकाला हवेतली टक्कर म्हटले की चरखी दादरी आठवते. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे बोईंग ७४७ आणि दिल्लीला उतरायला येणारे कझाकस्तानचे इल्युशिन-७६ हरियाणातील त्या गावाजवळ एकमेकांवर आदळले आणि ३४९ जण मरण पावले. तिथे उंची सुमारे चौदा हजार फूट होती, म्हणजे सुपीरियरपेक्षा जास्तच. पण पट्टा बांधून आसनावर बसलेल्या, पाठीवर काहीही नसलेल्या प्रवाशाला त्या उंचीचा काय उपयोग? दोन्ही घटनांत वेग आणि आकाराचा फरक प्रचंड आहे, त्यामुळे तुलना एका मर्यादेपलीकडे ताणू नये हे मान्य. त्यापेक्षा जवळचे उदाहरण म्हणजे फेब्रुवारी २०१९ मध्ये बेंगळुरूजवळ येलहंका येथे सरावात झालेली वायुदलाच्या सूर्यकिरण पथकातील दोन हॉक विमानांची टक्कर. तिथे तिघांपैकी दोघे वाचले, कारण त्यांच्या आसनांखाली त्यांना बाहेर फेकणारी यंत्रणा होती; तरीही एका वैमानिकाचा जीव गेलाच. सुपीरियरच्या सेसनांमध्ये अशी कोणतीही आसने नव्हती. जे काही बाहेर पडणे झाले ते माणसांनी आपल्या हातापायांनी केले.

बाहेर पडल्यावर धोका संपला असे मात्र नव्हते, आणि या भागाविषयी मी जितके समजून घेतले तितकी त्या नऊ जणांच्या थंड डोक्याविषयीची माझी आदरभावना वाढली. माणूस विमानातून सुटला की पहिल्या दहा सेकंदांत साधारण हजार फूट खाली येतो. मग पोटावर आडवा राहिल्यास त्याचा वेग ताशी १९०-२०० किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो आणि पुढचे प्रत्येक हजार फूट पाच-साडेपाच सेकंदांत सरतात. बारा हजारांवरून निघून चार हजारांच्या सुमारास पॅराशूट उघडायचे म्हटले तर हातात पाऊण मिनिटाहून थोडा अधिक वेळ असतो. हा वेळ एरवी मजेचा. त्या दिवशी त्यांच्या भोवती आणि डोक्यावर एका फुटलेल्या विमानाचे तुकडे होते. इंजिन असलेला जड सांगाडा माणसापेक्षा वेगाने पडतो, म्हणजे तो वरून येऊन माणसाला गाठू शकतो. पंखाचे हलके पत्रे गिरक्या घेत माणसापेक्षा सावकाश पडतात, म्हणजे तुम्ही पडत आहात तोवर ते वरच राहतात. पण पॅराशूट उघडताच तुमचा वेग एकदम सेकंदाला पाच-सहा मीटरवर येतो आणि मागे टाकलेले ते पत्रे पुन्हा तुमच्या डोक्यावर हजर होतात. म्हणजे पॅराशूट लवकर उघडावे तर वरून पत्रे, उशिरा उघडावे तर खाली जमीन. त्यांनी आजूबाजूला आणि वर पाहत, तुकड्यांपासून दूर सरकत पॅराशूट उघडले. ही चौकोनी पॅराशूट दोऱ्या ओढून हवी तशी वळवता येतात, आणि त्यामुळेच अवशेष टाळून ठरलेल्या जागेकडे जाणे त्यांना शक्य झाले.

नशिबाचा भाग आला तो याच्या आधी, टक्कर होत असतानाच्या त्या सेकंदात. मागच्या विमानाचा फिरता पंखा स्ट्रटला लटकलेल्या माणसांच्या इतक्या जवळून गेला की त्याने कोणाला स्पर्श केला नाही यामागे कोणाचेही कौशल्य नव्हते. पेटलेले इंधन कोणाच्या पॅराशूटवर पडले नाही, हेही तसेच. नायलॉनच्या कापडाला आगीची झळ किती लागली असती तर ते निकामी झाले असते, याचा हिशोब न केलेलाच बरा.

माझ्या टॅन्डम उडीचे फोटो पुण्याला पाठवले तेव्हा आईने फोनवर बाकी काही न विचारता एकच प्रश्न केला होता: “आणि गं, ते विमान चालवणाऱ्याचं काय? त्याच्याकडे असते का हवाई छत्री?” आमच्या घरी स्कायडायव्हिंग म्हणजे शीतल महाजन. ही पुण्याची मुलगी २००४ साली उत्तर ध्रुवावर उतरली, पुढे तिने दक्षिण ध्रुवावरही उडी घेतली, २०११ साली तिला पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये तिने थायलंडमध्ये चक्क नऊवारी नेसून उडी मारली. हे सगळे आईला तोंडपाठ आहे. त्यामुळे उडी मारणाऱ्यांची तिला फारशी काळजी नव्हती. तिला काळजी होती ती मागे राहणाऱ्याची, आणि सुपीरियरच्या घटनेतला खरा प्रश्न तोच आहे.

कारण नऊ जण त्या विमानांतून बाहेर पडण्यासाठीच आले होते. दोन वैमानिक मात्र ती विमाने घेऊन परत उतरण्यासाठी आले होते. अमेरिकेतल्या अशा विमानांचे वैमानिक पुष्कळदा तरुण असतात, व्यावसायिक परवाना मिळवून पुढे मोठ्या कंपनीत जाण्यासाठी उड्डाणाचे तास गोळा करत असतात, आणि दिवसाकाठी कितीतरी वेळा वर-खाली करतात. त्यांच्या पाठीला एक पातळसा संच बांधलेला असतो. माझ्या विमानाच्या वैमानिकाचा संच मी पाहिला होता; टेकायला घेतलेल्या पातळ उशीसारखा दिसणारा, कडा झिजलेला, आणि त्याच्या एका कप्प्यात दोऱ्याने शिवून सील केल्यासारखी एक छोटी नोंदपुस्तिका. हे आणीबाणीचे पॅराशूट अधिकृत परवाना असलेल्या तंत्रज्ञाकडून नियमानुसार दर १८० दिवसांनी उलगडून, तपासून, पुन्हा भरून घ्यावे लागते. बहुतेक वैमानिकांचे आयुष्य ते एकदाही न उघडता जाते. ज्याने कधीच उडी मारलेली नाही अशा माणसाने, फक्त जमिनीवर सांगितलेल्या सूचनांच्या आधाराने, आयुष्यातली पहिली उडी फुटलेल्या विमानातून मारायची, अशी ही अपेक्षा आहे.

सुपीरियरच्या पुढच्या विमानातील वैमानिकाला फुटलेल्या विमानातून अशी उडी मारावी लागली. पंख गेलेले, आग लागलेले विमान आता कोणत्याही दांड्याला किंवा पेडलला दाद देणार नव्हते. त्याने स्वतःला त्या सांगाड्यातून बाहेर काढले आणि पॅराशूट उघडले. स्कायडायव्हरांची पॅराशूट वळवता येणारी होती; याचे तसे नव्हते. जिथे वारा नेईल तिथे उतरायचे, आणि त्याच आकाशातून आपल्याच विमानाचे जळते तुकडे पडत आहेत. तो किरकोळ जखमांनिशी जमिनीवर पोहोचला. उरलेल्या दहा जणांच्या कथा मला समजू शकतात. ही मात्र माझ्या कल्पनेच्या बाहेरची आहे. इथे त्याचा मोठा आधार म्हणजे उंची. बारा हजार फुटांवर त्याला पट्टा सोडायला, बाहेर पडायची वाट शोधायला, दोन-चार वेळा अपयश यायलाही वेळ होता.

उंची नसली की काय होते याचा दाखला त्याच गावात आहे आणि तो मला जाताजाता सापडला. ज्या विमानतळावरून ही विमाने उडाली, त्याचे नाव रिचर्ड आय. बॉन्ग विमानतळ. बॉन्ग हा सुपीरियरमध्ये जन्मलेला आणि जवळच्या पॉप्लर गावात वाढलेला शेतकऱ्याचा मुलगा. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागराच्या आघाडीवर त्याने चाळीस जपानी विमाने पाडली, आणि अमेरिकेच्या इतिहासात इतकी विमाने दुसऱ्या कोणत्याही वैमानिकाने पाडलेली नाहीत. सरोवराच्या काठी त्याच्या नावाचे संग्रहालय आहे, त्यात तो उडवायचा त्या जातीचे दोन शेपट्यांचे पी-३८ विमान ठेवलेले आहे. सगळ्या लढायांतून सुखरूप परतलेला हा माणूस ६ ऑगस्ट १९४५ रोजी, म्हणजे हिरोशिमावर बॉम्ब पडला त्याच दिवशी, कॅलिफोर्नियात पी-८० या नव्या जेट विमानाची चाचणी घेताना गेला. उड्डाण होताच इंधनाच्या पंपाने दगा दिला. तो विमानातून बाहेर पडला होता, पॅराशूटही त्याच्याकडे होते. पण जमीन इतकी जवळ होती की ते उघडायला अवधीच मिळाला नाही. तिथे विमान सोडण्याचा निर्णयही झाला, कृतीही झाली. फक्त खाली पुरेशी हवा नव्हती.

राहिला प्रश्न हे घडले कसे याचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी करून याचे कारण मागच्या विमानाच्या वैमानिकाने पुढच्या विमानापासून आवश्यक अंतर राखले नाही, असे दिले. हे वाक्य कोरडे आहे आणि बरोबरही आहे. दोन विमाने जवळजवळ उडवायची तर दोन्ही वैमानिकांनी आधी ठरवून घ्यावे लागते, आणि पुढच्याला नजरेआड होऊ न देणे ही मागच्याची जबाबदारी असते. ती पूर्णपणे त्याच्यावरच का येते हे विमानाच्या रचनेतून कळते. सेसनाचे पंख वैमानिकाच्या डोक्यावर असतात. खालचे मैदान त्याला छान दिसते, पण आपल्या वर कोण आहे हे दिसण्याची सोय जवळजवळ नाही. म्हणजे पुढच्या विमानाच्या वैमानिकाला आपल्यावर येणारे विमान दिसण्याची शक्यताच नव्हती, आणि त्या क्षणी तर त्याचे लक्ष उजवीकडे, स्वतःच्या विमानातून बाहेर पडणाऱ्या माणसांकडे असणे साहजिक होते. उलट, जो वर आणि मागे असतो त्याच्यासमोर त्याच्या स्वतःच्या इंजिनाचे नाक असते. पुढचे विमान एकदा त्या नाकाखाली गेले की तेही दिसेनासे होते. अशा वेळी दोघेही आंधळे आणि दोघांमधले अंतर कमी होत चाललेले, अशी अवस्था येते.

यात वेगाची भर पडते. उडीच्या वेळी विमान हळू करायचे असते आणि बाहेर लटकलेल्या माणसांमुळे हवेचा अडथळा वाढून ते आणखी हळू होते. पुढचे विमान असे मंदावले आणि मागच्याने तेवढ्याच तत्परतेने आपला वेग उतरवला नाही, तर काही सेकंदांत तो त्याच्यावर जाऊन पोहोचतो. समोरून सरळ जवळ येणाऱ्या वस्तूचे अंतर डोळ्याला फार फसवते. ती बराच वेळ तेवढीच दिसत राहते आणि अगदी शेवटी एकदम मोठी होते. त्यामुळे अशा वेळी मागच्याने जरा जरी शंका आली तरी बाजूला निघून जावे, उडी रद्द झाली तरी चालेल, हाच शहाणपणाचा नियम. वर आलेल्या पाच जणांचा हिरमोड होईल, इंधन वाया जाईल, खाली गेल्यावर बोलणी खावी लागतील. दिवसाच्या शेवटच्या फेरीला आणि मावळत्या उन्हात हा निर्णय घेणे कागदावर लिहिण्याइतके सोपे नसते, हे मला कळते. तरीही जबाबदारी ढिली होत नाही.

मागच्या विमानाचे पुढे काय झाले याकडे बातम्यांनी फारसे लक्ष दिले नाही, कारण आग तिकडे नव्हती. टक्करीनंतर त्यातले पाचही स्कायडायव्हर बाहेर पडले आणि वैमानिक एकटा उरला. सेसना १८५ ला पुढे चाक नसते, शेपटीखाली छोटे चाक असते, आणि धडधाकट अवस्थेतही ते जमिनीवर सरळ धावत ठेवायला सवय लागते. याच्या विमानाला तर धडक बसलेली होती, नेमके काय तुटले आहे हे आतून पूर्ण दिसणार नव्हते, आणि अंधार पडू लागला होता. विमान अजून हुकूम मानत होते, म्हणून तो त्यातच राहिला. बारा हजार फूट खाली येताना प्रत्येक वळणाला ते मानेल की नाही याची खात्री मात्र कोणी देऊ शकत नव्हते. ज्याच्या हातून अंतर राखायचे राहिले तोच हा माणूस, आणि मोडके विमान ज्याने जिथून उडवले होते त्याच धावपट्टीवर आणून उतरवले तोही हाच. चौकशीच्या निष्कर्षात यातली पहिलीच गोष्ट येते, आणि निष्कर्षाचे काम तेवढेच असते. आईला मी हे सगळे सांगितले तेव्हा तिने चौकशी केली ती याच वैमानिकाची. तो पुन्हा विमान चालवतो का, असे ती विचारत होती.